सतरा नंबरची चार बाळं

सेंदाई, १४ मे

मामा,

नव्या चहाचा डबा काल पोचला. झाकण उघडलं आणि माझ्या सहा चटया मावतील एवढ्याशा खोलीत तुमचं अख्खं घर येऊन बसलं.

आता तुम्हीही बसा, मग पुढचं वाचा. तुमच्या कंपनीच्या संशोधन निधीनं माझा प्रस्ताव निवडला! एकेचाळीस अर्ज होते, तीन घेतले, त्यांतला एक माझा. म्हणजे येत्या मार्चपर्यंत विद्यापीठातली माझी जागा टिकली. पुढचं जानेवारीत ठरेल. तेव्हा हमामात्सुला येऊन तुमच्या साहेबलोकांसमोर काम मांडायचं. पटलं तर आणखी तीन वर्षं, नाही पटलं तर मार्चअखेर टेबल रिकामं. छत्तिसाव्या वर्षी चौथ्यांदा टेबल रिकामं करायची मला हौस नाही, मामा.

काम असं आहे. खानावळींच्या दाराशी असतात त्या तुमच्या जेवणाच्या तिकिटांच्या यंत्रात बटण दाबलं उदोन शेवयांचं आणि तिकीट आलं करीचं, असं काही झालं की तुम्ही लोक चूकपत्रक भरता ना? तशी अकरा वर्षांची पत्रकं कंपनीनं मला दिली आहेत. नावांच्या आणि सहीऐवजी मारलेल्या शिक्क्यांच्या जागी नुसते आकडे. प्रोग्राममध्ये चूक शिरते ती कधी, कशी आणि कुणाच्या हातून, हे मला शोधायचंय.

खरं सांगा, तुम्ही कुठं शब्द टाकलात का? टाकला असेल तर मी महिनाभर बोलणार नाही.

कोतोए

ता. क. करारात लिहिलंय की पत्रकांबद्दल इमेल करायचा नाही, फोनवर बोलायचं नाही. टपालाबद्दल काही लिहायला ते विसरलेत.


हमामात्सु, २३ मे

कोतोए,

शब्द टाकायला आधी माझ्या शब्दाला वजन हवं. मी या कंपनीत आलो तो यंत्रं पाठीवरून वाहायला. नववीनंतर शाळा सुटली. कुणीतरी टाकून दिलेलं प्रोग्रामिंगचं पुस्तक दुपारच्या सुट्टीत वाचून वाचून त्याच्या चिंध्या केल्या, तेव्हा कुठं आज तपासणी खोलीचा प्रमुख म्हणवतो. तू माझी भाची आहेस हे इथं कुणाला ठाऊक नाही. आडनावं वेगळी, हे एक बरं झालं. जे मिळवलंस ते तुझं तू.

आमचे विभागप्रमुख कुरोनुमा साहेब तुझा प्रस्ताव वाचून म्हणाले, "बाई हुशार दिसतात. पण मला आकडे पाहिजेत, कारणं नकोत."

मी म्हटलं, "साहेब, आकडा कारणाच्या पोटातूनच जन्मतो."

ते म्हणाले, "नोनोगाकी, तुम्ही यंत्र तपासा."

तर मी यंत्र तपासतोय.

एक सांगतो. पत्रकं सावकाश वाच. भरणारा माणूस ती साहेबासाठी भरतो, तुझ्यासाठी नाही. आणि जेवत जा. मागच्या फोटोत तुझी हनुवटी पेन्सिलच्या टोकासारखी दिसत होती.

शिगे मामा


सेंदाई, ६ ऑगस्ट

मामा,

सापडलं! काय सापडलं ते लिहिताना हात थांबत नाहीये.

एकूण पत्रकं एक हजार नऊशे चौदा. त्यांतली पाचशे नव्वद एकाच माणसाची. सतरा नंबर! तुमच्याकडं प्रोग्राम लिहिणारे चाळीसेक जण असतील; आणि तीनातली एक चूक या एकट्याची. त्यातही गंमत अशी की सहा वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस पत्रकांत जवळजवळ नाहीच. मग एकदम पूर आल्यासारखा. वयोगटाचा रकाना पाहिला, तर माणूस साठीच्या आसपासचा असणार. म्हणजे एका वयानंतर हात घसरतो, लक्ष सुटतं. वय आणि चुका यांचं इतकं स्पष्ट चित्र आजवर कुणाला मिळालेलं नाही, मामा. हा लेख जगात कुठंही छापून येईल.

कुरोनुमा साहेबांना महिन्याचा अहवाल देताना थोडंसं सांगून टाकलं. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "मी ओरडून सांगत होतो! आता आकड्यांत आलं!" अठ्ठावन्नच्या पुढच्यांना प्रोग्राम लिहायच्या कामावरून काढून गोदामाकडं द्यायचा त्यांचा विचार आहे म्हणे. जानेवारीत मी चित्र मांडलं की लगेच.

त्या सतराचा मला राग नाही येत. दयाच येते. एवढ्या चुका रोज घरी घेऊन जाणारा माणूस जेवतो कसा? तुम्ही तपासणीत आहात, तुमच्या हाताखालून त्याचं सगळं जात असेल. ओळखता का त्याला? नाव सांगू नका. कसा आहे एवढंच सांगा.

कोतोए


हमामात्सु, १९ ऑगस्ट

कोतोए,

पितरांच्या बोन सणाच्या सुट्टीत तुझ्या आईच्या थडग्यावर जाऊन आलो. दगड धुतला, तिला आवडायची ती निळी फुलं ठेवली, आणि तुझी जागा टिकणार असं सांगून टाकलं. तेव्हा आता ती टिकायलाच हवी. मेलेल्या बहिणीशी खोटं बोलणं मला जमत नाही.

सतरा नंबरला मी ओळखतो. बरा आहे. जेवतो व्यवस्थित, घोरतो जास्त. मार्चमध्ये तो निवृत्त होतोय, तेव्हा त्याच्या नावाची तू चिंता करू नकोस. तुझ्या अहवालानं त्याचं काही बिघडायचं नाही. तू आपलं चित्र मांड.

इकडं सगळं ठीक. इसोगाई बाईंनी परवा केस काळे करून घेतले. एकोणसाठाव्या वर्षी! मी म्हटलं, "बाई, कुणाचं लग्न?" तर म्हणाल्या, "लग्न नाही हो, गोदाम." सगळे हसले. त्या नाही हसल्या. कुठून तरी बातमी फुटली आहे खरी. बाई बावीस वर्षं प्रोग्राम लिहितायत, आणि त्यांनी लिहिलेलं यंत्र माझ्या टेबलावर आलं की मी चहा घ्यायला जातो, तपासायला काही उरलेलंच नसतं. असो. हे मी उगाच लिहिलं. तू मनावर घेऊ नकोस.

उन्हाळा फार आहे. टोपी घालून बाहेर पड.

शिगे मामा


सेंदाई, ३० सप्टेंबर

मामा,

तुमचं ते "उगाच लिहिलं" मला दीड महिना टोचतंय. इसोगाई बाईंचे केस डोळ्यांसमोरून जाईनात. म्हणून पुन्हा खाली बसले आणि सतराची पाचशे नव्वद पत्रकं, आकडे सोडून, नुसती वाचली. तुम्ही सांगितलं होतंत तशी, सावकाश.

त्या पत्रकावर पाच वेळा "का?" विचारलेलं असतं ना? चूक का झाली? ते का झालं? त्याच्या आधीचं का? पाचव्या "का"पर्यंत पोचेतो माणूस कामावरून निघून आपल्या घरात पोचलेला असतो. तर ऐका, सतराच्या घरात काय काय आहे.

पहिल्या वर्षी त्याला बाळ झालं, रात्रभर रडायचं, म्हणून दोन बटणांची अदलाबदल झाली. पुढच्या वर्षी आणखी एक बाळ. तिसऱ्या वर्षी जुळी! सहा वर्षांत साठीच्या माणसाला चार बाळं, मामा. दरम्यान त्याची आई दोनदा दवाखान्यात. एकदा सासू. एका एप्रिलमध्ये तो "नुकताच नोकरीला लागल्यामुळे" गोंधळला. त्याच महिन्यात, दुसऱ्या पत्रकात, "बावीस वर्षांच्या सवयीमुळे" त्याचं दुर्लक्ष झालं. एका मंगळवारी तो पार उत्तरेला साप्पोरोत यंत्र बसवताना चुकला आणि त्याच मंगळवारी हमामात्सुतही.

हा एक माणूस नाही. ही अख्खी खोली आहे.

मी आकड्यांवर इतकी भाळले की पत्रकं वाचलीच नव्हती. आणि न वाचता साहेबांना सांगून मोकळी झाले. माझ्यासारख्या विद्यार्थ्याला मी नापास केलं असतं.

मामा, सतरा कोण ते मी विचारत नाही. फक्त एवढंच सांगा, त्याच्या घरी बाळ आहे का?

कोतोए


हमामात्सु, ९ ऑक्टोबर

कोतोए,

नाही. त्यानं लग्नच केलं नाही. एक भाची मात्र वाढवली, नऊ वर्षांची होती तेव्हापासून. तीही एकच बाळ, आणि रात्री रडायची नाही. नुसती छताकडं बघत पडायची.

सतरा मी.

सगळंच सांगतो. आमच्याकडं नियम आहे. वर्षात ज्याची पाच पत्रकं होतील त्यानं सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर उभं राहून माफीपत्र वाचायचं. सहा वर्षांपूर्वी उसुई म्हणून होता. पंचेचाळिशीचा, दोन मुलांचा बाप, चांगला कामगार. त्यानं वाचलं. हातातला कागद इतका थरथरत होता की मागच्या रांगेपर्यंत त्याचा आवाज ऐकू आला. माझे कान मेले तीक्ष्ण. दुसऱ्या दिवशीपासून तो आला नाही. पुढं दोन वर्षं तो आपल्या खोलीतून बाहेर पडला नाही. बायको ताट दाराशी ठेवायची.

त्याच्या पाचव्या पत्रकावर तपासणाऱ्याच्या चौकोनात माझा शिक्का होता. चूक केवढी, तर अंड्याच्या तिकिटावर वीस येन कमी छापले जायचे.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगितलं, "कागद तुम्ही भरा, खरं लिहा, शिक्क्याचं मी बघतो." ज्याची चौथी झाली त्याच्या, आणि जो नुसता घाबरलेला दिसला त्याच्याही, पुढच्या प्रत्येक पत्रकावर पहिल्या चौकोनात, म्हणजे चूक करणाऱ्याच्या जागी, मी माझा शिक्का मारत गेलो. शेवटच्या, तपासणाऱ्याच्या चौकोनातही माझाच, पण तो चौकोन तुला दिलेल्या नकलांत नाही. मला सभेत उभं कोण करणार? ती यादी काढायचं काम तपासणी खोलीचं, म्हणजे माझंच. साहेब पत्रकांची संख्या बघतात, शिक्के बघत नाहीत.

मला वाटलं, यात बुडलो तर मीच बुडेन. ही रद्दी उद्या कुणी अभ्यासाला घेईल, आणि ती घेणारी तू असशील, हे कुठं ठाऊक होतं? तुझी निवड झाली त्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुझ्या पत्रातला तो आनंद बघून जीभ रेटली नाही.

आता माझं ऐक. बाळांची पत्रकं बाजूला काढ. उरलेली मांड. साहेब खूश, तुझी तीन वर्षं पक्की. मी मार्चमध्ये निघतोच आहे. वाईट कामगार म्हणून निघालो तर काय झालं? इसोगाई बाईंचं मी काहीतरी बघेन. आयुष्यात तुला देण्यासारखं माझ्याकडं फार नव्हतं. हे घे.

शिगे मामा


सेंदाई, १६ ऑक्टोबर

मामा,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग इतकी चिडले की चहाचा कप जोरात ठेवला आणि त्याचा कान तुटला.

इसोगाई बाईंचं तुम्ही काय बघणार? तिथंही शिक्का मारणार? गोदामात त्यांच्या जागी जाऊन उभे राहणार? तुमच्याच हातानं त्यांची बावीस वर्षं पुसली जातील, आणि त्यावर छापील नाव असेल माझं. असली भेट मला नको.

तुम्ही उसुईंना वाचवू शकला नाहीत म्हणून बाकीच्यांना वाचवलंत. ते मला कळतं. तुमच्यावर मला राग नाही. म्हणजे आहे, पण प्रेमाइतका नाही.

जानेवारीत मी येईन आणि खरं तेवढंच सांगेन: या पत्रकांवरून कोण चुकलं ते ठरवता येत नाही, आणि वय आणि चुका हे माझं म्हणणं मी परत घेते. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. जागा गेली तर जाईल. टेबल रिकामं करायची मला सवय आहे.

तुम्ही काही करू नका. फक्त त्या दिवशी मला ओळख दाखवू नका, नाहीतर मी बोलू शकणार नाही.

कोतोए


सेंदाई, १८ जानेवारी

मामा,

काही करू नका म्हटलं होतं!

परतीच्या गाडीत मला दर दहा मिनिटांनी हसू येत होतं आणि मग तोंड रुमालात लपवावं लागत होतं. शेजारच्या आजोबांनी शेवटी मला एक संत्रं दिलं.

कुरोनुमा साहेबांनी विचारलं, "म्हणजे वर्षभर आमच्या पैशानं तुम्ही शोधलंत काय, तर आमची पत्रकं खोटी?" तेव्हा मला वाटलं, संपलं. तुमच्याकडं बघायचं नाही म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका डागाकडं बघत होते. आणि मागून तुमची खुर्ची सरकल्याचा आवाज. तो आवाज मी जन्मभर ओळखेन, घरीही तुम्ही असेच खुर्ची ओढून उठता.

"खोटी पत्रकं नाहीत साहेब. खोटा शिक्का आहे. तो माझा. सतरा मी."

आणि साहेबांनी विचारलं, "या बाईंना तुम्ही आधीपासून ओळखता?" तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "साहेब, शाळेत जाताना हिचे डबे मी भरलेत."

मामा, त्या खोलीतल्या अकराही जणांनी एकदम माझ्याकडं वळून पाहिलं.

तुमचं काय होणार? निवृत्तीची रक्कम अडवतील का? माझ्यापासून लपवू नका. आता लपवायचं नाही, असं ठरलंय असं समजा.

कोतोए


हमामात्सु, ५ फेब्रुवारी

कोतोए,

रक्कम अडवली नाही. शिक्षा नियमाप्रमाणं झाली. सोमवारी सकाळच्या सभेत माफीपत्र वाच, म्हणाले.

वाचलं. सहा वर्षं जी गोष्ट मी कुणाला करू दिली नाही ती आता मीच करत होतो. बाहेर कोरडं वारं सुटलं होतं, खिडक्या वाजत होत्या. पाचशेहून जास्त पत्रकांवर मी खोटा शिक्का मारला, त्यामुळं कंपनीची आणि एका संशोधक बाईंची दिशाभूल झाली, असं वाचलं, वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो. वर बघायची हिंमत नव्हती.

दुपारी इसोगाई बाई माझ्या टेबलाशी आल्या. केस पुन्हा पांढरे व्हायला लागलेत. म्हणाल्या, "माझी दोन असतील बघा त्यात. काढा." मी काढून दिली. त्यांनी पट्टी ठेवून माझ्या शिक्क्यावर दोन रेघा ओढल्या आणि शेजारी आपला शिक्का उमटवला. "स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर बघून मला सहा वर्षं झोप लागली नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "तुम्हाला विचारायची पद्धत नाही का हो?"

हे खरं, कोतोए. मी कुणाला विचारलं नव्हतं.

मागून नेमोतो आला, तो जुळ्यांचा बाप. त्याची बावीस निघाली. त्याच्यामागं आणखी दोघं. संध्याकाळपर्यंत तपासणी खोलीच्या बाहेर रांग. शाईची डबी संपली, दुसरी उघडली. आठ दिवसांत पाचशे एकाहत्तर पत्रकं आपापल्या मालकांकडं गेली. उरलेली एकोणीस मी तीनतीनदा पाहिली. ती खरंच माझी आहेत. तशीच ठेव.

साहेब रांगेकडं दोनदा येऊन बघून गेले. दुरुस्त केलेल्या पत्रकांच्या नकला तुला पाठवायच्या का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मला आकडे पाहिजेत, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

याचा अर्थ "हो" होतो. तेहतीस वर्षं ऐकतोय त्यांना.

शिगे मामा


सेंदाई, २१ मे

मामा,

तुमच्या निवृत्तीनंतरचं पहिलं पत्र मीच लिहायचं ठरवलं होतं, पण काम संपेना.

आधी माझं. निधी निम्मा झाला. तीन वर्षांऐवजी एक वर्ष, आणि आठवड्याचे तीनच दिवस. उरलेले दोन दिवस मी पोरांना शिकवते. टेबल तेच राहिलं. माझी तक्रार नाही.

खऱ्या पत्रकांतून काय निघालं, ऐका. वयाचा चुकांशी काडीचा संबंध नाही. चुका येतात त्या ठरावीक आठवड्यांत, आणि ते आठवडे म्हणजे यंत्र द्यायची तारीख ज्या ज्या वेळी अलीकडं ओढली त्यानंतरचे. तारखा ओढणारे कुरोनुमा साहेबच, आणि हे मी त्यांच्यासमोरच सांगितलं. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. फाडला नाही. गेल्या आठवड्यात कळवलंय की वर्षभर चूक करणाऱ्याचा चौकोन कोरा ठेवून बघू. सभेतलं वाचनही बंद.

आता तुमचं. लेख तयार आहे. कुठलं पत्रक कुठल्या गडबडीत लिहिलं गेलं, कुणाचं बाळ कधी आजारी होतं, हे तुम्ही मला मार्चमध्ये पाच रविवार बसून सांगितलंत. त्याशिवाय हा लेख झालाच नसता. म्हणून लेखक दोन आहेत. पहिली मी, दुसरे तुम्ही. नको म्हणू नका, विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतेय, पण उत्तर "हो"च आहे.

अडचण एकच. अर्जात प्रत्येक लेखकाच्या नावापुढं त्याची संस्था लिहावी लागते. तुम्ही आता कंपनीचे नाही. रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढं जाऊ देत नाही. काय लिहू?

कोतोए


हमामात्सु, २७ मे

कोतोए,

तुझं पत्र इसोगाई बाईंना नेऊन दाखवलं. त्या नाकावर चष्मा चढवून म्हणाल्या, "नववी पास आणि लेखक! आता तुमच्याशी बोलायला वेळ घेऊन यावं लागणार." मग मला जेवायला थांबवून घेतलं.

उत्तर हो. तू आधीच दिलेलं आहेस.

त्या रकान्याचा चार दिवस विचार केला. कंपनीचं नाव लिहायचा हक्क नाही. विद्यापीठाच्या दारात मी फक्त तुला सोडायला आलो होतो. "घरी असतो" असं लिहिलं तर बरं दिसत नाही. तेहतीस वर्षं नोकरी केली, पण ती मला कुठली तरी जागा देऊन गेली असं मागं वळून बघताना वाटत नाही. ज्या जागेवर मला कुणी नेमलं नाही, जिची मुदत संपली नाही आणि जिथून मला कुणी काढू शकलं नाही, अशी एकच आहे.

तेव्हा लिही: नोनोगाकी शिगेहारू, कोतोएचे मामा.

छापणारे खोडतील. खोडू देत. खोडण्याआधी एकदा वाचतील ना.

शिगे मामा